बिअर दुसऱ्या कार्बॉयमध्ये काढायची की सरळ केगमध्ये?

अवली (कोलंबस, ओहायो)

नमस्कार मंडळी. घरी बिअर करणारे इथे किती आहेत ठाऊक नाही, पण मागे सायडरच्या धाग्यावर दोघातिघांनी हात वर केले होते, म्हणून विचारायचं धाडस करतोय.

तळघरात सध्या दोन बादल्या आहेत. पहिलीत अमेरिकन पेल एल, ५ गॅलन. टू-रो माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), कॅस्केड हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं), यूएस-०५ यीस्ट. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर आंबेल तशी उतरते) १.०५४ होती, आता १.०१२ वर थांबल्यासारखी वाटते. दुसरीत गव्हाची बिअर, डब्ल्यूबी-०६ यीस्टवर. ती अजून जोरात फसफसतेय. तिच्यात देसी दुकानातल्या टिनमधला हापूसचा रस घालायचा बेत आहे.

किटबरोबर आलेल्या कागदावर लिहिलंय की आठवड्याने बिअर साक्यावरून (तळाला बसलेल्या यीस्टच्या गाळावरून) काढून दुसऱ्या भांड्यात घ्या, तिथे दोन आठवडे मुरू द्या, मग बाटल्या किंवा केग भरा. दुकानातले आजोबाही तेच म्हणाले, वर साडेसहा गॅलनचा काचेचा कार्बॉय (अरुंद मानेचा मोठा बुधला) गळ्यात मारला. नेटवर मात्र निम्मे लोक म्हणतात की हे जुनं झालं, विसरा. उरलेले म्हणतात, साक्यावर ठेवलीत तर बिअरला मेलेल्या यीस्टची चव येईल.

कोणाचं ऐकू? कोजागिरीला वीस-बावीस माणसं येणार आहेत. दूध आटवणारे दूध आटवतील, पण बाकीच्यांची सोय माझ्याकडे आहे. एक जुना कॉर्नी केग (दाब धरणारं स्टीलचं बंद पिंप) आणि गॅसचा सिलिंडर आणून ठेवलाय. थोड्या बाटल्याही भरायच्या आहेत, लोकांना घरी न्यायला.

गवंडी (डॅलस)

नको काढूस. बादलीतच राहू दे, तिसऱ्या आठवड्यात केग कर. कार्बॉयमध्ये मनीप्लांट लाव.

कृष्णाकाठ (मॅडिसन, विस्कॉन्सिन)

अवली, गवंडींचं उत्तर बरोबर आहे. पण कारण कळलं नाही तर पुढच्या खेपेला त्या आजोबांसमोर परत गडबडशील, म्हणून जरा लांबण लावते.

त्या कागदाने दोन गोष्टींची एकत्र मोट बांधलीय: बिअर मुरणं आणि बिअर हलवणं. मुरवण्याचं काम यीस्ट करतं. ते जिथे आहे तिथे करतं, भांडं बदलल्याने त्यात काडीची भर पडत नाही. उलट ग्रॅव्हिटी नुकती थांबत असताना तू वरची बिअर काढून घेतलीस, तर कामाला हवं असलेलं बरंचसं यीस्ट खाली साक्यात राहतं आणि अर्धवट राहिलेलं काम तेवढं दुसऱ्या भांड्यात जातं.

काम कसलं? साखर संपली म्हणजे सगळं संपलं असं नसतं. आंबताना यीस्ट अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट नावाचा पदार्थ बाहेर सोडतं. पेशीच्या बाहेर, यीस्टने हात न लावता, त्याचं हळूहळू डायअ‍ॅसिटिल होतं. डायअ‍ॅसिटिल म्हणजे थिएटरातल्या पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास. मग यीस्ट ते परत आत घेतं आणि त्याचं आधी अ‍ॅसिटोइन, पुढे ब्युटेनडायॉल करतं. या दोन्हींचा वास आपल्या नाकाला जवळपास लागत नाही. यातली पहिली पायरी सावकाश, दुसरी झटपट. बादली तळघरातून वर आणून दोन-तीन अंश उबेत ठेवली की पहिली पायरी उरकते आणि प्रकरण लवकर मिटतं. अ‍ॅसिटाल्डिहाइडचंही असंच. त्याला कच्च्या सफरचंदाचा वास असतो, आणि ते उचलून त्याचं अल्कोहोल करतं तेही यीस्टच.

माझी नोकरी दही-लोण्याच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत. विरजण लावलेल्या लोण्यात डायअ‍ॅसिटिल पुरेसं उतरलंय ना, हे बघायचा मला पगार मिळतो. संध्याकाळी घरच्या तळघरात तोच वास आला की कपाळाला आठ्या पडतात. बिअरमध्ये दशलक्षात ०.१ भागाच्या आसपास असलं तरी पुष्कळांना कळतं.

तेव्हा कॅलेंडर बघू नकोस, वास घे. दोन स्वच्छ बरण्यांत थोडी-थोडी बिअर काढ. एक बरणी झाकण लावून ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात वीस मिनिटं ठेव, मग दोन्ही एकाच तापमानाला आण आणि हुंग. गरम केलेल्या बरणीला लोण्याचा वास आला, तर अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट अजून शिल्लक आहे. थांब. दोन्ही सारख्या लागल्या आणि ग्रॅव्हिटी तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तीच आली, की यीस्टचं काम झालं. कागद काहीही म्हणो.

आता साक्याची भीती. ती मोठ्या ब्रुअरींकडून आलीय. तिथे कित्येक मीटर उंचीच्या, खाली निमुळत्या टाक्या असतात. यीस्ट त्या टोकात जाड थराने बसतं, वरून बिअरचा दाब, आणि थराच्या आत उष्णता कोंडते. तशा ठिकाणी यीस्ट लवकर मरून फुटतं, बिअरला सोया सॉसकडे झुकणारी मांसल चव येते. म्हणून ते लोक यीस्ट खालून काढून टाकतात. तुझ्या बादलीत बिअर जेमतेम फूटभर उंच, साका पसरलेला आणि बोटभर जाड. महिनाभर राहिली तरी बिघडत नाही. घरगुती ब्रुइंगमधल्या अर्ध्याअधिक लोकांना ज्याने शिकवलं त्या जॉन पामरनेसुद्धा आपला दुसऱ्या भांड्याचा जुना सल्ला पुढे मागे घेतला. तुझा कागद त्याआधीचा दिसतो.

हलवण्याची किंमत मात्र खरी आहे, आणि ती म्हणजे ऑक्सिजन. साडेसहा गॅलनच्या कार्बॉयमध्ये पाच गॅलन बिअर घातलीस की वर दीड गॅलन हवा. कोणीतरी सांगेल की कार्बन डायऑक्साइड जड असतो, तो बिअरवर पांघरूण घालून बसतो. नाही बसत. वायू एकमेकांत मिसळतात. पहिल्या बादलीत वर जागा असते तरी चालतं, कारण आंबताना आतून सतत वायू बाहेर ढकलला जातो. तुझ्या पेल एलचा ढोबळ हिशेब केला: १.०५४ वरून १.०१२ वर येताना पाच गॅलनमधून चारेकशे लिटर कार्बन डायऑक्साइड निघाला असणार. आता तो झरा आटलाय. दुसऱ्या भांड्यातली हवा हुसकायला कोणी नाही.

चांगल्या ब्रुअरी बाटलीत विरघळलेला ऑक्सिजन अब्जात पन्नास-शंभर भागांच्या खाली ठेवायला जिवाचं रान करतात. आपला उघड्यावरचा सायफन त्या आकड्याच्या आसपासही जात नाही. आधी कॅस्केडचा पपनसाच्या सालीचा वास उडतो, मग रंग मळतो, आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याची चव. महागाचे हॉप्स घालून पुठ्ठा कशाला प्यायचा?

राहिलं निवळणं. ते थंडीने होतं. बादली फ्रिजमध्ये १-२ अंशांवर दोन-तीन दिवस ठेव. आमच्या गावाला पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ यायचं तेव्हा आजी घागरीत तुरटी फिरवायची; गाळाचे कण एकमेकांना धरून जड व्हायचे आणि तळाला बसायचे. यीस्टचं तेच. कण मोठा झाला की खाली बसण्याचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. यूएस-०५ बसायला जरा आळशी आहे. घाई असेल तर कपभर पाण्यात अर्धा चमचा जिलेटिन ६५-७० अंशांपर्यंत तापवून, उकळू न देता, थंड बिअरमध्ये घाल. पण कोजागिरीच्या मंडळींत शाकाहारी असतील तर हे चालणार नाही. आयझिंग्लासही नको, ते माशाच्या वाताशयापासून करतात. सिलिकापासून केलेलं बायोफाइन क्लिअर मिळतं, ते घे.

फ्रिजमध्ये ठेवताना एअरलॉकचं (झाकणावरच्या, गॅस बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेचं) पाणी आत खेचलं जातं, मागोमाग हवाही. बादलीचा एअरलॉक काढून तिथे कार्बन डायऑक्साइड भरलेला फुगा लावला तर आत तोच वायू जातो.

आणि दुसरं भांडं हवंच असेल तर ते तू आणलंयस की. केग. तो सॅनिटायझरने काठोकाठ भर, झाकण लाव, मग सिलिंडरच्या दाबाने ते सगळं बाहेर ढकल. आत उरला शुद्ध कार्बन डायऑक्साइड. सायफनची नळी केगच्या द्रवाच्या खुंटीला जोड, गॅसची खुंटी उघडी ठेव, बादली टेबलावर आणि केग जमिनीवर. बिअर खालून भरत जाते, हवेचा संबंध येत नाही. पुढचं काय मुरायचं ते तिथे थंडीत मुरेल.

रोजचाच (एडिसन, न्यू जर्सी)

ताई, सगळं शास्त्र मान्य. पण मी वर्षानुवर्षं दुसऱ्या कार्बॉयमध्ये काढतोय आणि माझ्या बिअरच्या ग्लासाआडून पेपर वाचता येतो. पुठ्ठ्याची चव एकालाही आली नाही. थेट बादलीतून केग केला की सुरुवातीचे चार ग्लास गढूळ येतात, पाहुण्यांसमोर शोभा. शिवाय बादली मोकळी झाली की लगेच पुढची बॅच लावता येते. हे फायदे कोणी सांगत नाही.

कृष्णाकाठ

रोजचाच, बादली मोकळी होते हे खरं कारण आहे आणि त्यावर माझं काही म्हणणं नाही. तेवढ्यासाठी काढत असाल तर खुशाल काढा.

निवळण्याचं श्रेय मात्र कार्बॉयचं नाही, तो कोपऱ्यात उभा राहिला त्या दिवसांचं आहे. तेवढेच दिवस बादलीत गेले असते तरी यीस्ट बसलंच असतं. गढूळ ग्लासांचं म्हणाल तर केगमधली द्रवाची नळी तळापासून ओढते, म्हणून तळाशी बसलेलं आधी येतं. ते ग्लास मोरीत ओता, किंवा नळीचं टोक थोडं कापा, किंवा वर तरंगणारी नळी बसवा.

आणि तुम्ही काय करता त्यावरही आहे. स्टाउट, ब्राउन एल असलं काही असेल आणि महिन्याभरात संपत असेल तर ऑक्सिजनची चाहूल लागायच्या आत केग रिकामा. तीच पद्धत हॉप्सने ठासलेल्या आयपीएला लावून बघा. रंग करडा पडतो, लपवता येत नाही.

दुसरं भांडं मीही वापरते. सहा-आठ महिने ठेवायची बार्लीवाइन (खूप कडक बिअर) असेल, ब्रेटॅनोमायसिस (एक रानटी यीस्ट) घातलं असेल, ओकचे तुकडे घालायचे असतील, तर. पण तेव्हा पाच गॅलनचा कार्बॉय, आणि तो गळ्यापर्यंत भरलेला, म्हणजे बिअरला हवा लागते ती रुपयाएवढ्या तोंडाशी. अवली, तुझा साडेसहा गॅलनचा या कामाचा नाही. तो आंबवायला घे. काचेचा आहे तर दुधाच्या क्रेटमध्ये ठेव, ओल्या हाताने उचलू नकोस, आणि मानेला धरून तर कधीच नाही. पंचवीस किलो वजनाची काच हातात फुटली तर टाके घालून भागत नाही, शिरा तुटतात.

नेकारकाठ (श्टुटगार्ट)

एक नदी दुसऱ्या नदीला दुजोरा द्यायला आली आहे. :)

दुसऱ्या टाकीचा मूळ मान लागरचा, म्हणजे थंडीत आंबवून मुरवलेल्या बिअरचा. बव्हेरियात १५५३ साली ड्यूक आल्ब्रेख्त पाचव्याने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायला बंदी घातली, कारण उन्हाळ्यात ती नासायची. मग हिवाळ्यात करून थंड तळघरांत महिनोन्‌महिने ठेवणं आलं. आजही इथे बरेच जण फर्मेंटेशन पूर्ण संपायच्या थोडं आधी बिअर लागर टाकीत घेतात. म्हणजे शेवटची साखर तिथे आंबते, झाकण बंद असतं, दाब तिथेच तयार होतो आणि आत शिरलेला ऑक्सिजन यीस्ट खाऊन टाकतं. किंवा मग जोरात आंबणारी ताजी बिअर थोडी आत घालतात, तिला क्रॉयझन म्हणतात. हेतू तोच: दुसऱ्या भांड्यात जिवंत, भुकेलं यीस्ट गेलं पाहिजे. किटच्या कागदाने भांडं उचललं आणि भूक तिथेच ठेवली.

इथले घरगुती ब्रुअर बाटल्यांसाठीही साखरेऐवजी पहिल्या दिवशी बाजूला काढून गोठवलेला कच्चा वर्ट (न आंबलेला माल्टचा गोड रस) घालतात. मीही तेच करतो. हिशेबाला जरा किचकट, पण घरात साखर संपली म्हणून अडत नाही.

कृष्णाकाठ

क्या बात. आमच्या शेजारी मिलवॉकीतही जर्मन लोकांनी तेच केलं. टेकड्या पोखरून गुहा केल्या आणि हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून आत रचला. मिलरच्या गुहा अजून बघायला मिळतात. फ्रिज आल्यावर गुहा गेल्या, आठवडे मात्र राहिले. लागर करशील तेव्हा, अवली, १०-१२ अंशांवर आंबव, शेवटाकडे १५-१८ वर दोन-तीन दिवस, मग ०-२ वर कित्येक आठवडे. ते केगमध्येही होतं.

अवली

कृष्णाकाठताई, एवढं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. गवंडी, मनीप्लांट बायकोला पसंत आहे.

आता हापूस. तो तरी दुसऱ्या भांड्यात का? आणि किती डबे? दुकानात ८५० ग्रॅमचे टिन आहेत. रस उकळून घेऊ का? बाटल्यांत साखर किती घालायची तेही सांगा. आणि थंड करून निवळलेल्या बिअरमध्ये बाटलीत गॅस धरण्याइतकं यीस्ट उरतं का?

कृष्णाकाठ

हापूसला दुसरं भांडं हो. इथे तुझा साडेसहा गॅलनचा कार्बॉय कामाला येईल, कारण रसातली साखर परत आंबते, फेस वर चढतो आणि त्याला जागा लागते. परत आंबणं सुरू झालं की आत आलेला ऑक्सिजन यीस्ट वापरून टाकतं आणि वरची हवा नव्या वायूने बाहेर जाते. नेकारकाठ म्हणाले ती भूक तू फळाने पुरवतोयस. जुना साका आणि आंब्याचे धागे एकत्र आले की सायफन तुंबतो, म्हणूनही वेगळं भांडं बरं.

गव्हाच्या बिअरचा जोर ओसरू दे, मग कार्बॉयमध्ये आधी रस ओत आणि त्यावर नळी तळाला टेकवून बिअर सोड. पाच गॅलनला तीन-चार डबे, अडीच ते साडेतीन किलो. उकळू नकोस. डबाबंद रस आधीच तापवलेला असतो, आणि पुन्हा तापवला की पेक्टिनमुळे बिअर कायमची धुरकट होते. डब्याचं झाकण आणि ओपनर सॅनिटायझरने पुसून घे, बस. मागचं लेबल वाच: आंबा, साखर, सायट्रिक अ‍ॅसिड एवढंच असेल तर घे. सॉर्बेट किंवा बेन्झोएट दिसलं तर ठेवून दे, त्याने यीस्टची वाढ अडते.

एक गोष्ट आधीच मनाशी धर. डबा फोडल्यावर येणारी चव ग्लासात येणार नाही. गोडवा यीस्ट खातं, उरतो आंबटपणा, रंग आणि मागे कुठेतरी वास. आमच्याकडे पहिला घोट घेऊन 'आंबा कुठाय?' असं विचारणारे भेटतातच. गोडी हवीच असेल तर फर्मेंटेशन संपल्यावर केगमध्ये पोटॅशियम सॉर्बेट आणि मेटाबायसल्फाइट घालून वर थोडा रस घालता येतो, पण ती बिअर थंडच ठेवायची आणि बाटलीत भरायची नाही.

बाटलीवरून आठवलं, डब्ल्यूबी-०६. हे साधं यीस्ट नव्हे, डायस्टॅटिकस जातीचं आहे. इतर यीस्ट ज्या मोठ्या साखरांना हात लावत नाही त्या हे तोडतं आणि सावकाश खात बसतं. ग्रॅव्हिटी थांबली असं वाटतं, बाटल्या भरतोस, आणि ते आत चरत राहतं. फुटलेल्या बाटल्यांच्या गोष्टी यातूनच येतात. म्हणून गव्हाची बिअर केगमध्येच ठेव. आणि तिला वापरलेली प्लास्टिकची नळी पेल एलला लावू नकोस, वेगळी ठेव. नळीतल्या ओरखड्यांत ते यीस्ट टिकून राहतं आणि तुझ्या पेल एलच्या बाटल्यांत जाऊन बसतं.

पेल एलच्या बाटल्यांचा हिशेब सोपा. साधी साखर लिटरमागे ४ ग्रॅम घातली की साधारण एक व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाइतका) गॅस मिळतो. २० अंशांवर आंबून संपलेल्या बिअरमध्ये ०.८५ व्हॉल्यूम आधीच असतो. तुला हवा २.४. म्हणजे दीड-एक व्हॉल्यूमची कमतरता, म्हणजे लिटरमागे ६ ग्रॅम. इथे कॅल्क्युलेटर फसवतात. ते बिअरचं तापमान विचारतात आणि लोक फ्रिजमधलं २ अंश टाकतात. थंड बिअर जास्त गॅस धरू शकते हे खरं, पण फर्मेंटेशन संपल्यावर थंड केलीस तर तो जादा गॅस येणार कुठून? फर्मेंटेशन संपल्यानंतर बिअर ज्या सर्वात जास्त तापमानाला पोचली ते टाक. २ अंश टाकलंस तर साखर कमी पडेल आणि बिअर मिळमिळीत लागेल.

यीस्टची काळजी नको. ग्लास स्वच्छ दिसला तरी मिलिलिटरमागे लाखोंनी पेशी तरंगत असतात. बाटल्या खोलीच्या उबेत दोन आठवडे ठेव, मग फ्रिज.

सदाशिव (पुणे)

वाचूनच घसा कोरडा पडला. हे सगळं इकडे फ्लॅटमध्ये करता येईल का? माल्ट आणि यीस्ट ऑनलाइन मिळतंय असं दिसतं.

गवंडी

सामान मिळेल, परवानगी मिळणार नाही. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, आता नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा. परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे आणि पाच गॅलनला त्यात सूट नाही. इकडे तरी कुठे पहिल्यापासून मोकळं होतं? १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टरनी सही केली तेव्हा केंद्राचा अडसर गेला. आता दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन. तरी अलाबामा आणि मिसिसिपीने २०१३ पर्यंत वाट बघायला लावली. तुम्हाला मायक्रोब्रुअरी आहेत पायाशी, तिथे जाऊन टाक्यांकडे बोट दाखवून प्रश्न विचारा.

सदाशिव

म्हणजे दुसऱ्याच्या साक्यावर समाधान. ठीक.

अवली

बरण्यांचा प्रयोग केला. गरम केलेल्या बरणीला लोणी आलं, स्पष्ट. बायकोला काही न सांगता दोन्ही हुंगायला दिल्या, तिनेही तीच उचलली. ग्रॅव्हिटी १.०११. तळघरात १७ अंश आहे. तर बादली वर स्वयंपाकघराजवळ आणली, तिथे २१ असतं. आता किती दिवस? आणि केगला दाब किती लावू? जुना केग आहे, रात्रभर गॅस भरून ठेवला तर सकाळी काटा खाली आलेला असतो.

कृष्णाकाठ

तीन दिवसांनी परत दोन बरण्या. वास गेला असेल तर फ्रिज, नसेल तर आणखी दोन दिवस. ग्रॅव्हिटी एका अंशाने हललीय, म्हणजे तसंही थांबणंच बरोबर होतं.

गॅसचं: फ्रिज ३८ फॅरनहाइटला असेल तर १२ पीएसआय (दाबाचं माप) लावून विसरून जा. आठवडा-दीड आठवड्यात अडीच व्हॉल्यूम येतो. केग हलवून, ३० पीएसआय देऊन एका दिवसात करणारे आहेत, पण त्यात जास्त गॅस झाला की काढत बसावं लागतं आणि तळाचा साकाही वर येतो.

गळती आधी शोध, नाहीतर एका रात्रीत सिलिंडर रिकामा होईल. सॅनिटायझरचा फेस झाकणाच्या कडेला, दोन्ही खुंट्यांना आणि सेफ्टी व्हॉल्व्हला लावून बघ, बुडबुडे कुठे येतात ते.

रोजचाच

जुन्या केगचे ओ-रिंग सगळे बदलून टाक, पाच-सात डॉलरचा संच मिळतो. आधीच्या सरबताचा वास रबरात मुरलेला असतो, धुवून जात नाही. झाकणाच्या मोठ्या रिंगला फूड-ग्रेड ग्रीस लाव आणि झाकण बसवताना एकदा ३० पीएसआयचा दणका दे, म्हणजे ते नीट बसतं. मग १२ वर आण. एवढं तरी माझं ऐक.

अवली

ओ-रिंग मागवल्या. केगच्या खुंट्या बॉल लॉक प्रकारच्या आहेत की पिन लॉक ते बघायला खाली जातोय.